न भुंकण्याचं बक्षीस

आमच्या सोसायटीला वॉचमन नाही, कुत्रा आहे. वॉचमन होते, एकामागून एक. कोणी गावाला गेला तो परतलाच नाही, कोणी खुर्चीत बसल्याबसल्या घोरायचा. शेवटी आमचे चेअरमन कमलाकर म्हात्रे यांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं की कुत्रा गावाला जात नाही आणि झोपला तरी त्याचा एक कान जागा असतो. तेव्हा गेटपाशी आपणहून राहायला आलेल्या एका पिवळट कुत्र्याची रीतसर नेमणूक झाली. त्याचं नाव शेरू ठेवलं, गळ्यात लाल पट्टा बांधला आणि त्याने भुंकायचं, आपण खायला घालायचं, असं ठरलं. माणूस आणि कुत्रा यांच्यात हा करार जगात पहिल्यांदा कधी झाला ते कोणालाच माहीत नाही, पण जुन्या पनवेलातल्या आमच्या तीन मजली बिल्डिंगच्या गच्चीवर तो एकमताने मंजूर झाला.

शेरू मन लावून काम करायचा. अडचण एवढीच की त्याला चोर कळत नव्हता, सामान कळत होतं. ज्याच्या हातात किंवा पाठीवर मोठं काहीतरी आहे तो वाईट. आणि आता भर दुपारी रस्त्यावर असतं कोण? पार्सलवाले. पाठीवर कपाटाएवढी बॅग लावून येणारा प्रत्येक पोरगा शेरूच्या लेखी दरोडेखोर होता. माझा रुबेन, वय दहा महिने, नेमका त्याच वेळात झोपतो.

ती झोप त्याची नसते, माझी असते. बाकीचा सगळा दिवस मी त्याची, कुकरची आणि वाळत घातलेल्या लंगोटांची. त्या झोपेत मी टेबलाचा एक कोपरा पुसून लिहायला बसते. पहिलं वाक्य जमायचं. दुसरं अर्ध्यावर आलं की खालून भो-भो सुरू व्हायचं आणि झोळीतून आधी एक मूठ वर यायची, मग दुसरी, मग आवाज. मी त्याला उचलून खिडकीत उभी राहायचे आणि खालच्या त्या कर्तव्यदक्ष प्राण्याकडे बघत मनातल्या मनात त्याची बदली करायचे.

ती बदली थांबवली माझ्या सासऱ्यांनी, तीही नकळत.

माझे सासरे म्हणजे इनॉक आपटेकर, बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय जिनासुद्धा न उतरणारे. आम्ही बेने इस्राएल. हे सांगितलं की समोरचा विचारतो, म्हणजे ख्रिश्चन का? नाही म्हटलं की विचारतो, मग पारशी? एके काळी इथे आमची गल्लीभर घरं होती. आता सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर सकाळपासून फोन फिरवावे लागतात. बाकीचे सगळे इस्राएलला. माझी नणंद जेरुशाही तिकडे अश्दोदला असते आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पप्पांना विचारते की तुम्ही कधी येताय. समुद्राकडे तोंड असलेली एक खोली तिने त्यांच्यासाठी ठेवली आहे. पप्पा खोलीचं कौतुक करतात आणि सांगतात, "बघू. इथे एक जबाबदारी आहे."

जेरुशाला वाटतं ती जबाबदारी म्हणजे नातू. इथनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटतं सिनेगॉगातली दहावी खुर्ची. ती जबाबदारी म्हणजे कुत्रा होता, हे फक्त मला माहीत होतं.

आमच्यात पेसाहच्या सणाला, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून आपण कसे सुटलो ते घरातला वडीलधारा माणूस सांगतो. समुद्र दुभंगला वगैरे सगळ्यांनाच आवडतं. पप्पांना त्यातली एकच गोष्ट आवडते. आपले लोक रात्रीचे बोचकी, भांडी, पोरं, शेळ्यामेंढ्या घेऊन निघाले, सगळ्या मिसरात आकांत चालला होता, आणि एवढ्या गर्दीवर एकही कुत्रा भुंकला नाही. एकसुद्धा. पप्पा हे सांगताना थांबतात आणि सगळ्यांकडे बघतात. समुद्र दुभंगवणं देवाच्या हातातलं होतं, ते म्हणतात, पण कुत्र्यांना कोणी सांगितलं होतं? ते स्वतःहून गप्प बसले. म्हणून आपल्याला जे मांस चालत नाही, ते कुत्र्याला द्यायचं. हा त्यांचा मान.

इतर घरांत ही गोष्ट सणापुरती असते. आमच्या घरात ती दर शुक्रवारी असते. शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी मटण आणलं की सासूबाई गेल्यापासून पप्पा स्वतः साफ करायला बसतात. मांडीची शीर आम्ही खात नाही. ती ते सुरीच्या टोकाने हळूच सोडवून काढतात, जसं आई पोराच्या बोटातलं कुसळ काढते, आणि एका स्टीलच्या वाटीत बाजूला ठेवतात. सोबत बारीकसारीक तुकडे. मग शर्टाची बटणं लावून, वाटीवर झाकण ठेवून खाली जातात.

शेरूला ते शेरू म्हणत नाहीत. ज्यांच्या पूर्वजांनी आपल्यावर उपकार केले त्यांना एकेरीत हाक मारणं त्यांना जमत नाही. ते त्याला अहो-जाहो करतात.

"असं नाही," शेरू वाटी बघून भुंकायला लागला की ते म्हणायचे. "भुंकून मागाल तर मिळणार नाही. न भुंकण्याबद्दलच आहे हे."

आणि वाटी पाठीमागे धरून उभे राहायचे. शेरू गप्प बसला की शीर. पुढे शुक्रवार पुरेनासा झाला. रोज दुपारी जेवणानंतर पप्पा काही ना काही घेऊन खाली जाऊ लागले, आणि तत्त्व तेच. कुत्रा हुशार होता. सोसायटी भुंकण्याबद्दल शिळी चपाती देते आणि हे गृहस्थ न भुंकण्याबद्दल मटण देतात, यावर विचार करायला त्याला फार दिवस लागले नाहीत. पार्सलवाले येऊ-जाऊ लागले आणि शेरू त्यांच्याकडे, म्हाताऱ्या माणसाने मोर्चा बघावा, तसा बघू लागला.

रुबेन झोपू लागला. मी दुसरं वाक्य पूर्ण केलं. तिसरं, चौथं. एकदा तर चक्क पान उलटलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या उपकाराचा असा फायदा आमच्या घराण्यात मीच घेतला असेन.

मग कमलाकरकाकांच्या नातवाची सायकल चोरीला गेली. दिवसाढवळ्या, त्यांच्याच जिन्याखालून. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं आणि काकांनी ते सगळ्यांना ग्रुपवर पाठवलं. टोपी घातलेला एक माणूस येतो. सायकल उचलून खांद्यावर घेतो. शेरू उठतो, अंग ताणतो, त्याच्या बरोबरीने गेटपर्यंत चालत जातो आणि तिथे थांबून शेपूट हलवतो. पाहुण्याला कोपऱ्यापर्यंत सोडून यावं तसं.

काका जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. तिथली कुत्री म्हणे कंटेनरची सावली हलली तरी भुंकतात. त्यांनी कंपाउंडमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि शेरूकडे बोट दाखवून पप्पांना विचारलं, "इनॉकशेठ, तुमी शिकल्यालं मानूस. तुमीच सांगा, यो कुत्रा हाय का पावना?"

पप्पा म्हणाले, "सभ्य आहेत जरा."

"सभ्य हाय तं देवलात बसवू. गेटवर कशाला?"

लोक हसले. मग ठरलं ते असं: रविवारी सकाळी परीक्षा. काकांचा पुतण्या प्रदीप त्याच यार्डात कामाला आहे, शेरूने त्याला कधी पाहिलेलं नाही. तो गोणी घेऊन येईल. शेरू भुंकला तर राहील. नाही भुंकला तर प्रदीप त्याला टेम्पोत घालून जासईला नेईल. तिथे साखळी असते, धूळ असते, आणि दिवसरात्र ट्रेलर. तिथे आपोआप कंठ फुटतो, काका म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. नातू सायकलीसाठी जेवत नव्हता.

त्या दुपारी पप्पा नेहमीप्रमाणे खाली गेले नाहीत. मी भांडी पुसत होते, ते मागे येऊन उभे राहिले आणि हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "त्यांना नेलं तर मी जेरुशाला हो म्हणून टाकतो. तिलाही बरं वाटेल."

मी म्हटलं, आणि रुबेन?

"त्याला तू आहेस, इथन आहे, कामाला गोदाबाई येते. सगळं व्यवस्थित आहे तुमचं." ते थोडं हसले. "मला खाली जायला एक कारण होतं एवढंच."

आमच्या घरात माणसाला तोंडावर राहा म्हणायची पद्धत नाही. वाढायची पद्धत आहे. मी त्यांना चहात आलं घातलेलं आवडत नाही हे लक्षात ठेवते, ते माझ्यासाठी दुधाची पिशवी आधी स्वतः फोडून ठेवतात, आणि एवढ्यावर आमचं चाललं होतं. एक बेडरूमच्या घरात हॉलमधल्या दिवाणावर झोपणाऱ्या माणसाला आपण अडचण आहोत असं वाटतं, हे मला कळायला हवं होतं. ते ज्या दिवाणावर झोपतात त्यावर दुपारी माझी पुस्तकं पसरलेली असतात. मी म्हणाले, "पप्पा, चहा टाकू?" आणि दुसऱ्या दिवसापासून कुत्र्याला भुंकायला शिकवायला घेतलं.

इथनला सांगितलं तर तो म्हणाला, अयाला, तुला झोपेची गरज आहे. ते खरंच होतं.

रुबेन झोपला की मी लिहायला बसायचे, त्याऐवजी त्याला झोपेतून उचलून कडेवर घेऊन खाली जाऊ लागले, कारण पप्पांवर सोपवायचं तर कुठे चालले ते सांगावं लागलं असतं. दुसऱ्या हातात चिकनचा तुकडा. पप्पा आत पेपर वाचत असायचे. शेरूसमोर मी पार्किंगमधली एक रिकामी गोणी त्याच हाताने उचलायचे आणि त्याच्याकडे बघून भुंकायचे. आधी हळू, वरच्या मजल्यावर ऐकू जाणार नाही असं. मग जरा पोटातून. शेरू मान एका बाजूला कलती करायचा, मग दुसऱ्या बाजूला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काळजी दिसायची. मी भुंकून भुंकून दमले की तो येऊन माझ्या पायाशी बसायचा आणि चिकनकडे बघायचा. न भुंकता. अत्यंत आदराने.

एकदा गोदाबाई भांडी आटोपून घरी निघाली होती. ती कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरवाडीतून येते, तिच्या दारात चार कुत्री आहेत. ती पिशवी घेऊन बघत उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "पोराला घास भरवताना तुमी पयला आपलं तोंड उघडता, तसंच चाललंय काय हे?"

मी म्हटलं, तसंच.

"मंग त्यो नाय शिकनार. पोर शिकंल." आणि हसत गेली.

तिचं खरं झालं. रुबेनने पहिला शब्द उच्चारला तो भो. आई नाही, पप्पा नाही. भो. शनिवारी सिनेगॉगमध्ये, सगळे गप्प उभे असताना, त्याने तो मोठ्याने उच्चारला. पप्पांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं खुपसलं.

मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं की लांडगे फारसे भुंकत नाहीत. भुंकणं कुत्र्याला माणसाच्या संगतीत लागलं. म्हणजे कोणे एके काळी कुठल्याशा गुहेबाहेर कोणीतरी त्यांना ते शिकवलं असणार, किंवा निदान त्याबद्दल हाडूक दिलं असणार. मला खात्री आहे ती बाई होती, तिच्या कडेवर मूल होतं, आणि तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याने मागच्या बाजूने सगळं मोडीत काढलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी एलियाहू हनाबीच्या तसबिरीसमोर उभी राहिले. आमच्या घरोघरी ती असते, अग्निरथात बसलेल्या या संदेष्ट्यांची. काही हवं असलं की आम्ही त्यांना मलिदा बोलतो: पोहे, नारळ, साखर, सुकामेवा, वर फळं. लोक मुलासाठी बोलतात, नोकरीसाठी, व्हिसासाठी. मी म्हटलं, कुत्रा भुंकू दे.

रविवारी सगळी सोसायटी बाल्कन्यांत. प्रदीप गोणी खांद्यावर टाकून आला, आणि अभिनय चांगला व्हावा म्हणून तोंडाला रुमालही बांधून आला. शेरूने त्याच्याकडे पाहिलं. मग वर आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. पप्पा तिथे इस्त्रीच्या शर्टात उभे होते, दोन्ही हातांनी कठडा धरून. शेरूने तोंड मिटलं. पप्पांसाठी त्याने त्या दिवशी जेवढं मिटलं तेवढं कधी मिटलं नसेल. प्रदीप जिन्यापर्यंत गेला, गोणी भरल्याचं नाटक केलं, परत आला. शेरू त्याला गेटपर्यंत सोडून आला. रुबेन मात्र कडेवरून ओरडला, भो.

"यो पास," काका खालून म्हणाले. "कुत्रा नापास."

दुपारी जेरुशाचा कॉल आला. पप्पांनी खोलीचं कौतुक केलं आणि म्हणाले, येतो. ती रडायला लागली, आनंदाने. मी स्क्रीनमध्ये दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात गेले.

बुधवारी टेम्पो यायचा होता. पप्पांना ते बघायचं नव्हतं. नेमकं तेव्हाच आपण घरात नसावं म्हणून त्यांनी एक काम काढलं: माळ्यावरची मोठी बॅग. तिचं एक चाक निखळलं होतं, बाजारात एकजण दुरुस्त करून देतो. बॅग रिकामी होती, पण केवढी तरी होती. सासूबाईंनी जेरुशाच्या लग्नात घेतलेली. रुबेन झोळीत झोपला होता. मी टेबलापाशी बसले होते आणि एक शब्द सुचत नव्हता.

पप्पा जिना उतरले. एक चाक नाही म्हणून बॅग पायरीपायरीवर आपटत होती. त्यांचा अंदाज चुकला. टेम्पो लवकर आला होता. मी खिडकीत आले तेव्हा प्रदीपने शेरूच्या पट्ट्यात साखळी अडकवली होती आणि शेरू निमूट टेम्पोच्या फळकुटापाशी उभा होता. काका दुसरीकडे बघत बिडी ओढत होते.

पप्पांनी ते पाहिलं आणि मान खाली घालून, बॅग ओढत, गेटकडे चालू लागले.

शेरूने त्यांच्याकडे पाहिलं. बॅगेकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे.

आणि तो भुंकला. पार्सलवाल्यांवर भुंकायचा तसा नव्हे. चारी पाय रोवून, अंग मागे खेचून, इतका की प्रदीपच्या हातून साखळी सुटली. तो गेटमध्ये आडवा जाऊन उभा राहिला आणि पप्पांच्या तोंडावर भुंकत सुटला. पप्पा उजवीकडे सरकले, तो उजवीकडे. पप्पा म्हणाले, "अहो, अहो, असं काय करता," पण तो ऐकेना. शेवटी बॅगेचा पट्टा दातात धरून मागे ओढू लागला, आणि पट्टा तोंडात असतानाही भुंकायचा प्रयत्न करत होता. बाल्कन्या भरल्या. झोळीतून एक मूठ वर आली, मग दुसरी. मी रुबेनला उचललं आणि धावत खाली गेले.

काकांनी बिडी टाकली. ती चपलेखाली विझवली आणि निकाल दिला, चेअरमनच्या आवाजात. "सामान आत येताना यो भुकत नाय. सामान भायेर जाया लागला का भुकतो. चोर काय करतो? सामान भायेरच नेतो ना? कुत्रा बराबर हाय." सायकलही बाहेरच गेली होती, हे कोणी काढलं नाही. प्रदीपने साखळी गुंडाळली.

पप्पा तसेच उभे होते. शर्टाचं एक टोक पँटमधून बाहेर आलं होतं. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. एखाद्या पाठ प्रार्थनेतला शब्द अचानक कोणी बदलावा तसा.

"मिसरातून निघालो तेव्हा एक नाही भुंकला," ते मला म्हणाले. "आणि मी नुसता चाक लावायला चाललोय."

चाक लावायला ते गेले नाहीत. बॅग पुन्हा माळ्यावर गेली. पुढच्या रविवारी जेरुशाने विचारलं तेव्हा पप्पांनी खोलीचं कौतुक केलं आणि म्हणाले की बघू, इथे एक जबाबदारी आहे. मी दिवाणावरची पुस्तकं उचलून कपाटावर ठेवली. त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातली दोन स्वतः खाली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मलिदा केला. कशासाठी, असं सिनेगॉगात प्रार्थना सांगणाऱ्या हजानसाहेबांनी विचारलं तर मी म्हटलं, मुलाच्या वाचेसाठी. अगदीच खोटं नव्हतं.

शेरू आता भुंकतो. दुपारी, पार्सलवाल्यांवर, जीव तोडून. एकदा तोंड उघडल्यावर मिटायचं का, हे त्याला कोणी पटवू शकलेलं नाही. रुबेन त्याला झोळीतून उत्तर देतो. माझं दुसरं वाक्य पुन्हा अर्ध्यावर राहतं.

पण खरी अडचण शुक्रवारी आली. पप्पांनी मटण साफ केलं, शीर काढली, वाटीवर झाकण ठेवलं, शर्टाची बटणं लावली आणि दारात थांबले. खालून भुंकणं ऐकू येत होतं.

"अयाला," ते म्हणाले, "आता हे द्यायचं की नाही? आपण हे न भुंकण्याबद्दल देतो."

मी रुबेनच्या तोंडातला चमचा काढत होते. म्हटलं, "पप्पा, त्या रात्री आपल्याला जायचं होतं."

ते वाटी धरून उभे राहिले. हिशेब बँकेतल्या माणसाच्या डोक्यात जातो तसा, सावकाश.

"म्हणजे," ते म्हणाले, "त्यांना कळतं म्हणतेस?"

मी म्हटलं, "तुम्ही खाली जा आधी. तो रुबेनला उठवेल."

रुबेन जागाच होता, माझ्या मांडीवर, तोंडभर वरणभात घेऊन. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने जिना उतरले.